चौथं गाणं अर्ध्यावर

मामाजी, तुमचा फोन चालू आहे.

तुम्ही गेलात आणि फोन चालू आहे, हे मला अजून पचत नाही. आभाळातल्या ज्या विजेनं तुम्हाला नेलं तिनं तुमच्या खिशातल्या फोनला बोटही लावलं नाही. बाजूच्या शेतातल्या माणसानं तो माझ्या हातात ठेवला तेव्हा तो आमच्या मेडिकलच्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला होता. इअरफोनच्या वायरची घडी घातलेली, काचेवर साधा ओरखडा नाही. मी सहज बटण दाबलं. उजेड आला आणि त्यात नोरीनचा नवा अल्बम दिसला. चौथं गाणं, अर्ध्यावर थांबवलेलं.

खोटं कशाला बोलू, मला आधी रडू आलं नाही, राग आला. हा अल्बम आपण दोघांनी मिळून ऐकायचं ठरलं होतं. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची कापणी झाली की अंगणात बसायचं आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एका बैठकीत ऐकायचं, मध्ये कुणी उठायचं नाही. हे मी नाही, तुम्हीच ठरवलं होतं. मी तर अल्बम आला त्याच संध्याकाळी लावायला निघाले होते, तुम्ही दटावून थांबवलंत. आणि मग माझ्या पाठीमागे साडेतीन गाणी ऐकून मोकळे झालात. का? घर माणसांनी भरलेलं, आत्याबाईंच्या, माझ्या सासूबाईंच्या, तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि माझ्या डोक्यात एवढं एकच चाललं होतं. सासरा गेल्यावर सुनेनं असा विचार करावा का, मला माहीत नाही. पण मी तोच करत होते.

बसायला येणाऱ्या लोकांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं म्हणणं, तुम्ही भाग्यवान, शेवटच्या घटकेला कानात भजन होतं. दुसऱ्याचं म्हणणं, त्या फोननंच वीज ओढली, आणि फोन घेऊन दिला होता सुनेनं. हा दुसरा पक्ष मला ऐकू येईल इतक्याच बारीक आवाजात बोलतो. मी औषधांच्या दुकानात बसते, विज्ञान शिकलेली आहे, खिशातला फोन वीज ओढत नाही हे मला ठाऊक आहे. तरी ते रोज ऐकावं लागतं. पहिल्या पक्षाला मी काही सांगत नाही. नोरीन ही चमचमतं जॅकेट घालून हिंदी पॉप गाणारी बाई आहे आणि आयुष्यात तिनं एकही भजन गायलेलं नाही, हे बैठकीत कसं सांगणार?

मी लग्न होऊन गोंदियाहून या गावात आले त्या वर्षी हे सगळं सुरू झालं. तुमचा मुलगा गोंदियाच्या राइस मिलमध्ये, घरी फक्त रविवारी. मी शहरात हिंदी बोलत वाढलेली, तुमची बोली मला अर्धी कळायची आणि अर्धी कळल्यासारखी दाखवावी लागायची. अजिबात करमत नव्हतं. एका सकाळी तुम्ही कोठ्यात बैलांपुढे चारा टाकताना काहीतरी गुणगुणत होता, आणि मी ओसरीवरून पुढची ओळ म्हटली. नव्या सुनेनं सासऱ्याचं गाणं पुरं करणं हे आपल्या घरात बसणारं नव्हतं. आत्याबाईंनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. तुम्ही टोपली खाली ठेवलीत आणि विचारलंत, "हे तुले कसं मालूम?"

मी सांगितलं, नोरीनचं आहे, माझ्या मावशीकडे तिच्या सगळ्या कॅसेट होत्या. सगळ्या म्हणजे, तुम्ही विचारलंत. तुमच्या समजुतीप्रमाणे तिनं एकच कॅसेट काढली होती. ती तुम्ही ऐन तरुणपणी गोंदियाच्या बाजारातून आणलेली, पुढे टेपरेकॉर्डरनं खाल्लेली. नंतर बाई कुठं ऐकू आली नाही, म्हणून तुम्ही धरून चाललात की ती वारली. इतकी वर्षं तुम्ही एका मेलेल्या बाईचं गाणं गुणगुणत होता. मी म्हटलं, ती चांगली आहे आणि तिचे सात अल्बम आहेत. तुम्ही तिथंच बैलगाडीच्या जुवावर बसलात. "मंग ते बाई जिती हाये?" म्हणालात. तुमचा तेव्हाचा चेहरा मला या दिवसांत फार आठवतो. मेलं असं धरलेलं माणूस जिवंत निघालं की आपण कसे दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग तुम्ही फर्मान काढलंत. सगळं ऐकायचं, क्रमानं, पहिल्या अल्बमपासून, एकही गाणं न गाळता. आणि रिकाम्या हातानं ऐकायचं नाही. शेतकऱ्याचे हात रिकामे दिसले की लोक तब्येत विचारायला येतात, असं तुमचं म्हणणं. म्हणून तुम्ही अंबाडीचा वाख घेऊन दोर वळत बसायचे, मी तांदूळ निवडायचे, आणि आवाज मोठा व्हावा म्हणून फोन रिकाम्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवलेला. एका अल्बमात गुरं बांधायचं एक दावं वळून व्हायचं. अल्बमची खरी नावं इंग्रजी, ती तुमच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून कव्हरवर बाई जशी दिसेल तसं आपण नाव ठेवलं. पिवळ्या स्वेटरची, छत्रीवाली, रागावलेली. तीच नावं मग दाव्यांना लागली. शेजारी दावं मागायला आले की तुम्ही ओरडून विचारायचे, "पोरी, छत्रीवाली कुठं हाये?" आणि त्यांना वाटायचं घरात कोणी पाहुणी उतरली आहे. आत्याबाई आतून नुसता उसासा टाकायच्या. सासरा-सुनेचं हे ऐकणं त्यांना कधी पटलं नाही. नोरीनला त्या "तुमची बाई" म्हणायच्या आणि आपण बसलो की त्या भिंतीआड जाऊन बसायच्या.

पिवळ्या स्वेटरची भानगड आठवते ना? तेव्हा गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर यायचं, म्हणून जवळच्या अर्जुनीच्या मोबाईल दुकानातून सगळी गाणी मेमरी कार्डात भरून आणली होती. पहिला अल्बम ऐकून झाल्यावर तुम्ही त्यावर प्रवचनच दिलंत. बाई सुरुवातीला कशी रडते, मग कशी दमते आणि शेवटी कशी हसत निघून जाते. शेवटचं गाणं शेवटी ठेवायला डोकं लागतं, म्हणालात. मीही मान डोलावली. मग छत्रीवाली लावली, म्हणजे तुमच्या खाल्लेल्या कॅसेटवाली. दुसऱ्याच गाण्याला तुम्ही दोर हातातून सोडलात. हे इथं नव्हतं, याच्या आधी ते दुसरं होतं, म्हणालात. मी ठामपणे सांगितलं की मशीन चुकत नसतं, तुमची आठवण चुकते. बरेच दिवस जुंपली. शेवटी मी टाकीच्या पायऱ्यांवर जाऊन बघून आले. तुम्ही बरोबर होता. कार्डात गाणी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागली होती, ए पासून झेडपर्यंत. म्हणजे पिवळ्या स्वेटरचं ते रडणं, दमणं आणि हसत निघून जाणं नोरीननं रचलेलंच नव्हतं, ते इंग्रजी अक्षरांनी घडवलेलं होतं. तिनं तर हसणं पहिलं ठेवलं होतं आणि शेवट रडण्यावर केला होता.

मला वाटलं तुम्ही खट्टू व्हाल. तुम्ही थोडा वेळ दोराला पीळ देत बसलात आणि म्हणालात, "तिचं चुकलं. आपला क्रम बराबर हाये." त्यावर आपण किती भांडलो असू. मी म्हणायचे, जिनं गायलं तिचा क्रम खरा. तुम्ही म्हणायचे, रडून शेवट करायला काय लागतं, ते कोणालाही जमतं. हा वाद कधी मिटलाच नाही. आता मला तो हरायचा आहे आणि कुणापुढे हरू ते कळत नाही.

चौथ्या अल्बमवरून तर आपलं बोलणंच बंद झालं होतं. त्यात सगळा कॉम्प्युटरचा ठोका. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही मैत्रिणी त्यावर नाचलेलो, म्हणून तो माझा जीव की प्राण. तुम्ही तीन गाण्यांत जाहीर केलंत की हे गाणं नाही, थ्रेशर आहे. मी तुमचं ताट वाढलं आणि न बोलता आत निघून गेले. तुम्ही तरी शेवटपर्यंत ऐकलात, कारण नियम म्हणजे नियम, आणि दावंही वळलंत, पण मुद्दाम सैल. ते दावं आठवड्यात तुटलं, गाय नहराच्या काठानं भटकत गेली, आणि तुम्ही तिला ओढत आणताना माझ्याकडे बघून असे हसलात की मलाही हसू आवरलं नाही.

सहाव्याबद्दल मात्र आपण कधी बोललो नाही. तिच्या आजारपणानंतरचा अल्बम. आवाज बसलेला, वरचे सूर लागत नाहीत, मधे मधे श्वास ऐकू येतो. मला तो ऐकवेना, मी म्हटलं पुढचा लावू या. तुम्ही मानेनंच नाही म्हणालात. तुमचे हात थांबले होते. तो एकच अल्बम असा की त्याचं दावं झालं नाही. संपल्यावर तुम्ही म्हणालात, "आवाज गेल्यावर लोक गप बसते. हे गायली." आणि उठून शेताकडे गेलात. त्याच महिन्यात माझा दुसऱ्यांदा गर्भ गेला होता आणि मी घरात कुणाशी बोलत नव्हते, अर्जुनीला दुकानात जाणंही सोडलं होतं. तुम्ही ते तिच्याबद्दल म्हणालात की मला म्हणालात, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन मोटरसायकलपाशी उभी राहिले आणि तुम्ही एक शब्द न विचारता मला दुकानात सोडलंत. त्याचे आभार मानायचे राहून गेले, मामाजी. आज मानते. फार उशीर झाला, पण मानते.

सातव्यानंतर बाई गप्प झाली. नवीन काही आलं नाही, आपण जुनेच पुन्हा पुन्हा ऐकले. आणि यंदा भाताला लोंब्या धरत असताना एकदम आठवा आला. तुम्ही फोन हातात घेऊन कव्हर किती वेळ बघत होता. केस पांढरे झालेले, तशीच हसते आहे. "बुढी झाली आपली बाई," म्हणालात, आणि खूश झालात.

त्या दिवशी दुपारी मी दुकानात औषधं लावत होते. ढग होते, पण आश्विनातले ढग, येतात आणि जातात. इटियाडोह धरणाच्या बाजूला एकच मोठा आवाज झाला आणि दुकानातले दिवे गेले. थोड्या वेळात गावातून फोन आला. मी शेतावर पोचले तेव्हा लोकांनी तुम्हाला शेणखताच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत ठेवलं होतं. विजेची आग शेण ओढून घेतं आणि माणूस उठतो, असं आपल्याकडे मानतात. दोघं-तिघं जण ओंजळीनं तुमच्या खांद्यांवर शेण टाकत होते, इतक्या मायेनं की मला त्यांना थांबवता येईना. मी वाकून तुमच्या मानेला बोटं लावली. मला कळायचं ते कळलं. तुमचे डोळे अर्धे उघडे होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं, भीती नाही की दुखणं नाही. सकाळी याच माणसानं मला अर्जुनीला सोडलं होतं आणि येताना हिंगाची डबी आण म्हणून सांगितलं होतं. डबी माझ्या पर्समध्ये होती. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, टाका, अजून टाका. ॲम्बुलन्स येईपर्यंत ते टाकत राहिले.

आत्याबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या होत्या, जेवणाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन.  घरी आल्यावर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मी पाणी दिलं की तोंड फिरवून घ्यायच्या. मी समजून चुकले, त्या दुसऱ्या पक्षात आहेत.

काल दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले होते. मी मागच्या परसात, सांदवाडीत, भांडी घासत होते. आत्याबाई आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी विचारलं, फोन कुठं आहे. मी हात पुसून दिला. मला वाटलं आता विहिरीत टाकतात. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"मीच म्हनलं होतं, लावा म्हनून," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्या तुमचा डबा घेऊन शेतावर गेल्या. तुम्ही जेवलात. त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्या म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही दोघं ऐकता, ती तुमची बाई म्हणते तरी काय ते मलाही कळू द्या. तुम्ही हसलात. म्हणालात, जुनं सगळं तू भिंतीआडून ऐकलंच आहेस, तुला नवंच ऐकवतो. एक इअरफोन त्यांच्या कानात घातलात, एक स्वतःच्या. तीन गाणी झाली. चौथं चालू असताना वारा उठला आणि अंधारून आलं. त्या म्हणाल्या, चला घरी. तुम्ही गाणं थांबवलं, फोन पिशवीत गुंडाळला आणि म्हणालात, तू हो पुढे, खालच्या भाताच्या बांधीतलं पाणी बाहेर सोडायचं राहिलं आहे, तेवढं करून येतो. त्या धुऱ्यानं चालायला लागल्या. आवाज झाला तेव्हा त्यांची पाठ तुमच्याकडे होती.

"गाने नसते आयकले त पानी कवाच सोडून झालं असतं," आत्याबाई म्हणाल्या. "मी बसवून ठेवलं त्याईले."

म्हणजे मी इकडे समजत होते की त्या मला दोष देतात, आणि त्या तिकडे स्वतःला खात होत्या. फोन वीज ओढत नाही हे मी गावाला समजावून सांगू शकते. पण पाणी आधी सोडून झालं असतं का, तुम्ही घरी आला असता का, याचं उत्तर मला कुठून आणता येईल? मी त्यांना खोटा धीर दिला नाही. राखेनं खरबरीत झालेल्या हातानं त्यांचा हात धरला.

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. मामाजींनी माझं नाव तरी काढलं का? आत्याबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. काढलं ना, म्हणाल्या. लावायच्या आधी तुम्ही त्यांना बजावलंत, "पोरीले सांगू नको. तिच्यासंग मी पुन्हा पयल्यांदा आयकल्यासारखा आयकीन."

तुम्हाला ते जमलं नसतं, मामाजी. तुमच्या चेहऱ्यानं कधी काही लपवलेलं मी पाहिलं नाही. पहिल्याच गाण्याला मी तुम्हाला पकडलं असतं आणि वर्षभर टोमणे मारले असते. तुम्ही दोर वळत खाली मान घालून हसत राहिला असता. ते वर्ष मला हवं होतं. माझा राग गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही, पण रागच बरा होता असं वाटलं.

आत्याबाई म्हणाल्या, चौथं अर्धं राहिलं आहे, लाव. मी म्हटलं, तेरवी व्हायची आहे, सुतकात गाणी लावली तर लोक काय म्हणतील. "कानात लावतो त कोनाले आयकू येते?" त्या म्हणाल्या. मी वायर सोडवली. एक त्यांच्या कानात, एक माझ्या. तुम्ही जिथं थांबवलं होतं तिथून पुढे. ते गाणं चांगलं आहे. शेवटी ती गाता गाता थांबते आणि कुणाशी तरी दोन शब्द बोलते. ते तुमचं ऐकायचं राहिलं, म्हणून सांगितलं.

मग पाचवं लागलं. पाचवं चांगलं नाही. उगाच लांबवलेलं आहे, मागे नुसती व्हायोलिनं. मी म्हटलं, हे मामाजींना मुळीच आवडलं नसतं. आत्याबाई एकदम तडकल्या. आवडलं असतं म्हणाल्या, त्यांना तू जास्त ओळखतेस की मी? मी म्हटलं, गाण्यांच्या बाबतीत मीच. त्या म्हणाल्या, शेवटची गाणी त्यांनी माझ्या बाजूला बसून ऐकली आहेत, तू नव्हतीस. मी चौथ्या अल्बमचा दाखला दिला, तो मीही भिंतीआडून ऐकला आहे, असं म्हणून त्यांनी तो उडवून लावला. भांड्यांच्या ढिगापाशी बसून, एकेका कानात वायर घालून आम्ही तुमच्यावरून भांडत होतो. आवाज इतका चढला की पाहुणी मंडळी उठून दाराशी आली. आज सकाळपासून आत्याबाई अडून बसल्या आहेत की आधी पाचव्याचा निकाल लावा, मगच सहावं. आवडलं असतं की नसतं, तुम्ही एका शब्दात सांगितलं असतं. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो आहोत आणि तो शब्द सांगायला तुम्ही नाही.